दोन ओळींमधली जमीन

द्राक्षबागेत शिरल्यावर नजर वर जाते. मांडवावरची पाने, घड, मण्यांची फुगवण, फार तर बोदावरची ठिबकची नळी. पण नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत ट्रॅक्टर फिरण्यासाठी दोन ओळींमध्ये सोडलेली जागा एकूण क्षेत्राच्या निम्म्याहून जास्त भरते, आणि तिच्यात द्राक्ष नसते. तिथे उगवते ते तण. ते ठेवायचे की काढायचे, काढायचे तर रोटाव्हेटरने, ग्रास कटरने की फवारून, हा प्रश्न निफाडमध्ये पडतो तसाच बोर्दोत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉशमध्येही पडतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या शेतकी प्रश्नात परिसंस्थांचे अभ्यासक शिरले. बागेत किती जातींच्या वनस्पती राहतात, त्या कोणत्या, आणि त्यांच्यामुळे माती, पाणी, कीड आणि उत्पन्न यांचे काय होते, हे त्यांनी मोजायला घेतले. मोजमाप बरेच झाले आहे. पण त्यातले बहुतेक युरोपात झाले, आणि ते आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाही.

आधी हा प्रश्न एवढा का तापला ते पाहू. जगात द्राक्षाखाली सुमारे ७२ लाख हेक्टर जमीन आहे. गहू-भातापुढे हा आकडा किरकोळ. मात्र ही जमीन कुठे आहे ते महत्त्वाचे. वाइनच्या द्राक्षाला ओला हिवाळा आणि कोरडा उन्हाळा मानवतो. असे हवामान भूमध्य समुद्राभोवती, कॅलिफोर्नियात, मध्य चिलीत, दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात आणि ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण-नैर्ऋत्य किनाऱ्याकडे आहे. पृथ्वीवरच्या जमिनीचा पाच टक्क्यांहून कमी भाग या पाच प्रदेशांत येतो, पण वनस्पतींच्या एकूण जातींपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा तिथे सापडतो. म्हणजे वाइनसाठी जी जमीन उत्तम, तीच रानफुलांच्या समृद्धीचीही. त्यातून द्राक्ष बहुधा उताराच्या, हलक्या, दगडगोट्यांच्या जमिनीत लावतात. तिथली माती उघडी ठेवली की एका वळवाच्या सरीने ती खाली जाते. युरोपातल्या ज्या शेतजमिनींत मातीची धूप सर्वाधिक होते, त्यांत द्राक्षबागा पुढे आहेत.

‘परिसंस्था सेवा’ हा शब्द सरकारी अहवालांत शिरल्यापासून जरा गुळगुळीत झाला आहे. इथे त्याचा अर्थ अगदी व्यवहारी घ्यायचा. मुळे माती धरतात, कुजणारी पाने सेंद्रिय कर्ब वाढवतात, पाणी मुरायला वाट मिळते, फुलांवर मधमाश्या जगतात आणि परजीवी गांधीलमाश्याही, ज्या किडींची अंडी फस्त करतात. यातले काही फायदे बागायतदाराच्या खिशात येतात, काही शेजाऱ्याच्या, काही नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांच्या.

आजवरच्या अभ्यासांची सर्वात मोठी गोळाबेरीज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. व्हिएन्नाच्या बोकू विद्यापीठातल्या सिल्विया विंटर आणि सहकाऱ्यांनी चार खंडांतल्या १३ देशांमधले ७४ अभ्यास एकत्र तपासले. ओळींमध्ये झाडोरा राखणाऱ्या बागा एका बाजूला, सतत नांगरट किंवा तणनाशक वापरणाऱ्या दुसऱ्या बाजूला. पहिल्या गटात जैवविविधता आणि सेवा मिळून सरासरी २० टक्के जास्त भरल्या. सर्वात ठळक फरक मातीच्या धुपीत पडला, त्याखालोखाल जैवविविधतेत, मग कर्ब, कीडनियंत्रण आणि सुपीकता असा क्रम लागला. ज्याची सगळ्यांना धास्ती होती ते मात्र दिसले नाही: उत्पन्न आणि फळाचा दर्जा यांचा एकीकडे बळी देऊन दुसरीकडे जैवविविधता मिळवावी लागते, असा एकूण हिशेब निघाला नाही.

ही सरासरी आहे हे विसरता कामा नये. सरासरीत ओलसर हवेतली वीस वर्षांची बाग आणि कोरड्या टेकडीवरची तीन वर्षांची बाग एकत्र येतात. ऑस्ट्रिया, फ्रान्स, रोमानिया आणि स्पेन या चार देशांत मिळून राबवलेल्या ‘व्हाइनडायव्हर्स’ प्रकल्पात नांगरट किती हा एक मुद्दा निघाला, आणि भोवतालचा मुलूख किती विविध हा दुसरा. बागेच्या आसपास झुडपी बांध, पडीक तुकडे, ओढ्याकाठची झाडे असतील तर ओळींमध्ये येणाऱ्या वनस्पतींचे बी मुळात उपलब्ध असते. सगळीकडे द्राक्षच द्राक्ष असेल तर तुम्ही नांगर थांबवला तरी येऊन येऊन येणार तेच चार-सहा चिवट पाहुणे.

इथे ‘किती जाती’ याहून ‘कोणत्या जाती’ हा प्रश्न मोठा होतो. मशागतीचे प्रत्येक साधन म्हणजे एक चाळणी आहे. नांगर किंवा रोटाव्हेटर वर्षातून अनेकदा फिरला की टिकतात त्या झटपट उगवून, झटपट बी धरून मोकळ्या होणाऱ्या वर्षायू वनस्पती, आणि तुकडे झाले तरी त्या तुकड्यांपासून पुन्हा फुटणाऱ्या. गवत कापत राहिले की जमिनीलगत पानांचा गुच्छ ठेवणाऱ्या बहुवर्षायूंचे फावते, कारण पाते त्यांच्या डोक्यावरून जाते. काही वर्षांत जमीन हिरवीगार होते, पण त्या हिरवळीत दोन-तीन गवतांचेच राज्य असू शकते. तणनाशकाची चाळणी सगळ्यात निष्ठुर. ती जे सोडते ते पुढच्या वर्षी जास्त येते. ग्लायफोसेट या तणनाशकाला दाद न देणारे रायगवत ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकातच सापडले, नंतर फ्रान्सच्या द्राक्षबागांतही दिसले. दक्षिण आफ्रिकेच्या द्राक्षबागांत कोनायझा नावाचे उंच, केसाळ तण तसेच निर्ढावले. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्लायफोसेटला आणखी दहा वर्षांची मुदतवाढ दिली. फ्रान्सने मात्र द्राक्षासाठी त्याची मात्रा २०२० मध्येच वर्षाला हेक्टरी ४५० ग्रॅमवर आणली होती, आणि तीही जिथे यंत्राने तण काढणे जमत नाही तिथेच.

आता ‘नांगर वाईट, गवत चांगले’ असे सरळ समीकरण मांडावे, तर जर्मनीतले रानट्यूलिप आडवे येते.

पिवळ्या फुलांचे हे ट्यूलिप सोळाव्या शतकात दक्षिणेकडून शोभेचे फूल म्हणून मध्य युरोपात आले आणि बागांबाहेर पडून द्राक्षमळ्यांत स्थिरावले. हिवाळा सरता सरता त्याची पाने वर येतात, एप्रिलमध्ये फूल येते, आणि जूनपर्यंत वरचे सगळे वाळून कंद जमिनीत झोपी जातो. जुन्या पद्धतीने मळ्यात उन्हाळ्यात कुदळ चालायची. त्या वेळी कंद निद्रिस्त असल्याने त्याला इजा होत नसे. उलट कंदाच्या कडेची पिल्ले सुटी होऊन पसरत, आणि वरचढ ठरणारी गवते मोडली जात. रानकांदा, मस्कारी, ऑर्निथोगॅलम अशी कंदवर्गीय फुलांची एक आख्खी बिरादरी या कुदळीच्या वेळापत्रकावर शेकडो वर्षे जगली. मग ट्रॅक्टर आला, तणनाशक आले. काही मळ्यांत कायमचे गवत लावले गेले. तिन्हींनी ही फुले हटवली; गवताची दाट गादीही त्यांना तितकीच घातक ठरली. आज ऱ्हाइनहेसनसारख्या भागात काही मळे केवळ या फुलांसाठी जुन्या रीतीने राखले जातात आणि एप्रिलमध्ये लोक ते पाहायला जातात. नांगर किती वेळा चालला यापेक्षा कोणत्या महिन्यात चालला, याला किती वजन आहे याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

स्वित्झर्लंडच्या व्हॅले खोऱ्यातला दाखला पक्ष्यांचा आहे. तिथल्या बहुतेक द्राक्षबागांची जमीन तणनाशकाने बोडकी ठेवलेली असे. बर्न विद्यापीठाच्या राफाएल आर्लेटाझ यांच्या गटाने वुडलार्क या चंडोलाच्या मागावर राहून पाहिले, तेव्हा तो बोडक्या बागा टाळतो असे दिसले. पण पूर्ण हिरव्या बागाही त्याला नकोत. साधारण निम्मी जमीन झाकलेली आणि निम्मी उघडी, अशी ठिगळाठिगळाची बाग त्याची आवडती. गवतात किडे वाढतात आणि उघड्या जमिनीवर ते पकडता येतात, एवढे साधे कारण. एक ओळ सोडून एका ओळीत गवत राखायची युरोपातली पद्धत, जी मुळात पाण्याच्या काळजीपोटी आली, ती या पक्ष्याच्या दृष्टीनेही सोयीची ठरली.

कीडनियंत्रणाच्या बाबतीत सर्वांत सुरस कथा कॅलिफोर्नियाची. तिथे द्राक्षाच्या पानांवर तुडतुडे येतात, आणि त्यांच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी अ‍ॅनाग्रस नावाची गांधीलमाशी आहे, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी. अडचण हिवाळ्याची. द्राक्षावरचा तुडतुडा हिवाळा प्रौढ अवस्थेत काढतो, त्यामुळे त्या काळात अंडी नसतात आणि गांधीलमाशीला आसरा नसतो. साठ-सत्तरच्या दशकांत डाउट आणि नाकाता या संशोधकांनी दाखवले, की ओढ्याकाठच्या रानटी ब्लॅकबेरीच्या जाळ्यांत दुसऱ्या एका जातीचा तुडतुडा हिवाळ्यातही अंडी घालतो आणि अ‍ॅनाग्रस तिथे तग धरते. ज्या बागांजवळ अशी जाळी होती तिथे वसंतात गांधीलमाश्या लवकर पोचायच्या. ज्यांनी ओढे ‘साफ’ केले त्यांना औषध फवारावे लागायचे. पुढे ब्लॅकबेरीऐवजी बागेच्या वाऱ्याच्या बाजूला आलुबुखाराची झाडे लावून तेच काम करता येते हेही दिसले. मिगेल अल्तिएरी आणि क्लारा निकोल्स यांनी नव्वदच्या दशकात ओळींमध्ये बकव्हीट आणि सूर्यफूल लावून उन्हाळाभर फुले राखली, तेव्हा तुडतुडे आणि फुलकिडे दोन्ही कमी झाले. न्यूझीलंडच्या वायपारा खोऱ्यात लिंकन विद्यापीठाच्या स्टीव्ह रॅटन यांनी पाने गुंडाळणाऱ्या अळीविरुद्ध बकव्हीटच्याच ओळी वापरल्या.

तरीही बागेत फुले लावली म्हणजे कीड आपोआप आटोक्यात येते, असा प्रचार मला पटत नाही. प्रत्येक वनस्पती मित्र नसते. मध्य आणि दक्षिण युरोपात द्राक्षाची पाने पिवळी पाडणारा ‘ब्वा न्वार’ हा रोग आहे. त्याचा जंतू चांदवेल आणि नेटल या रानवनस्पतींत राहतो. त्यांच्या मुळांवर वाढणारा एक किडा तो द्राक्षावर आणतो. तिथे ही दोन तणे काढणे हाच उपाय, आणि तोसुद्धा किडा मुळांवर असताना; उडायच्या हंगामात तण कापले तर तो थेट वेलीवर चढतो. म्हणजे पुन्हा प्रश्न वेळेचाच. परागीभवनाबद्दलही थोडे स्पष्ट बोलायला हवे. व्यापारी द्राक्षाला मधमाशी लागत नाही, फूल स्वतःच्याच परागाने फळते. ओळींतल्या फुलांमुळे मधमाश्या वाढतात हे ऑस्ट्रियातल्या अभ्यासांत नीट दिसले आहे, पण त्याचा बागायतदाराच्या घडांशी संबंध नाही.

पाण्याचा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. फ्रान्समध्ये माँपेलिएच्या परिसरात केलेल्या प्रयोगांत कायमच्या गवतामुळे हिवाळ्यातले पाणी जमिनीत जास्त मुरले, आणि वेलीची मुळे गवताशी झुंजण्याऐवजी खोल गेली. हे ऐकायला छान वाटते. पण त्याच गवताने वसंतात वरच्या थरातले पाणी आणि नत्र ओढून घेतल्यामुळे वेलीचा जोम आणि उत्पन्न घटले. वाइनवाल्यांना काही वेळा घटलेला जोम हवाच असतो. बोर्दोसारख्या ओल्या भागात अतिवाढ आवरायलाच गवत राखतात. कोरडवाहू, उथळ जमिनीत किंवा नव्या लागवडीत मात्र हा तोटा थेट अंगावर येतो. म्हणून स्पेन-दक्षिण फ्रान्समध्ये आता हिवाळ्यात उगवू द्यायचे आणि वेलीला फुटवे येण्याआधी कापून किंवा लाटून पाडायचे, अशी तडजोड रुळली आहे. वेल झोपलेली असताना गवताला मोकळे रान.

सेंद्रिय शेती हे सगळ्याचे उत्तर मानणाऱ्यांनी तांब्याकडे पाहावे. १८८५ मध्ये मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण केवडा रोगावर प्रभावी असल्याचे जाहीर केले. तेच आपले बोर्डो मिश्रण. तेव्हापासून युरोपातल्या बागांवर तांबे पडत आले आहे आणि ते जमिनीतून जात नाही. ते गांडुळांना आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांना बाधते. सेंद्रिय बागायतदाराजवळ केवड्यावर दुसरे दमदार औषध नसल्याने त्याचे तांब्यावाचून चालत नाही. युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो अशी मर्यादा घातली. शिवाय तणनाशक बंद म्हटल्यावर बुंध्याजवळचे तण काढायला यांत्रिक कुळव जास्त वेळा चालवावा लागतो. विंटर यांच्या गोळाबेरजेत सेंद्रिय आणि बिनतणनाशक व्यवस्थापनाचा परिणाम चांगलाच आला आहे, तो नाकारायचा नाही. पण त्या शिक्क्याखाली दोन शेजारच्या बागांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

ओळींमधल्या वनस्पतींची एवढी चर्चा करताना एक गोष्ट नजरेआड होते: बाग लावण्यासाठी जे रान मोडले त्याची भरपाई ओळींत होत नाही. केपमध्ये सुमारे ९,००० जातींच्या वनस्पती आहेत आणि त्यातल्या दोन-तृतीयांशांहून अधिक जगात इतरत्र कुठेही नाहीत. तिथल्या सखल, चिकणमातीच्या रेनोस्टरवेल्ड झुडपाळ माळांपैकी पश्चिम किनाऱ्याकडचा पाच टक्क्यांहून कमी भाग उरला आहे. बाकी गहू आणि द्राक्षाखाली गेला. नव्वदच्या दशकात निर्यात खुली झाल्यावर लागवड आणखी पसरू लागली, तेव्हा २००४ मध्ये वाइन उद्योग आणि निसर्गसंस्थांनी मिळून ‘बायोडायव्हर्सिटी अँड वाइन इनिशिएटिव्ह’ सुरू केले. त्याचा भर ओळींमधल्या गवतापेक्षा उरलेले रान न मोडण्यावर होता: सभासद शेतकऱ्याने आपल्या मालकीच्या नैसर्गिक जमिनीचा काही भाग राखून ठेवायचा. मला हा क्रम बरोबर वाटतो. २०१३ मध्ये ली हॅना आणि सहकाऱ्यांनी हवामानबदलाचे गणित मांडताना, सध्याच्या मोठ्या वाइनप्रदेशांतली अनुकूल जमीन २०५० पर्यंत चतुर्थांशापासून ते पाऊण हिश्श्यापर्यंत कमी होऊ शकते, असा अंदाज दिला होता. आकड्यांवर वाद झाले. द्राक्ष वर, थंड डोंगरांकडे सरकणार आणि तिथल्या अस्पर्श रानांवर नजर ठेवणार, ही त्यातली भीती मात्र कायम आहे.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रातली बाग आणि युरोपातली बाग यांच्यात मुख्य फरक वाइन की खायचे द्राक्ष हा नाही, तो पंचांगाचा आहे. तिकडे वेल हिवाळ्यात झोपते, पाऊसही बहुतांशी तेव्हाच पडतो, आणि तेवढ्या काळात गवत वाढवून घेता येते. आपली वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यावर काडी तयार होते, पावसाळ्यात ती पिकते, ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी, फेब्रुवारी-मार्चपर्यंत माल. पाऊस पडतो तेव्हा वेलीवर फळ नसते. फळ असते तेव्हा पाऊस नसतो, निदान नसावा अशी अपेक्षा असते. म्हणून ‘वेल झोपलेली असताना गवत’ हे फ्रेंच सूत्र इथे शब्दशः निकामी आहे. पण त्याचा तर्क घेतला तर आपली परिस्थिती त्यांच्यापेक्षा सोपी दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याची टंचाई नसते. उलट अति पाणी आणि नत्र यांमुळे शेंडा चालतच राहतो आणि काडी पिकायला उशीर होतो, म्हणून बागायतदार खते आखडती घेतो. त्या काळात ओळींमध्ये वाढणारे गवत तेच जास्तीचे पाणी आणि नत्र उचलते, बोर्दोतल्यासारखे. ऑक्टोबर छाटणीनंतर मधली जमीन सुकते, ठिबकचे पाणी बोदापुरतेच राहते, आणि स्पर्धा आपसूक संपते.

बागायतदार गवत राखतो ते मात्र या कारणाने नाही. परतीच्या पावसात, नेमक्या फुलोऱ्याच्या सुमाराला, डाऊनीचे, म्हणजे केवड्याचे, औषध मारायला ब्लोअर आत न्यावा लागतो आणि रोटाव्हेटर मारलेल्या काळ्या जमिनीत ट्रॅक्टर रुततो. गवत असले तर चाक तरंगते. निफाड-दिंडोरीकडे मधले गवत ग्रास कटरने कापून ठेवण्याकडे जो कल आहे, त्यात या चाकाचा वाटा मोठा असावा. त्या गवताखाली हवा कोंडून डाऊनी वाढेल ही भीती खरी आहे. गुडघाभर गवत छाटणीनंतर ठेवणे शहाणपणाचे नाही. सप्टेंबरअखेर ते कापून बोदावर पसरले, तर उसाचे पाचट किंवा बगॅस विकत आणून करायचे आच्छादन काही अंशी घरचेच होते.

ऑगस्टमधल्या अशा एका मधल्या पट्टीत वाकून पाहिले तर साधारण काय दिसते? केन्याची निळी फुले, तांदुळजा, घोळ, एकदांडी, दुधी, मध्येच कुर्डूचे गुलाबी तुरे, ओलसर जागी लव्हाळा, कडेला हरळी आणि हमखास गाजर गवत, जे १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदले गेले आणि मग देशभर पसरले. यांतल्या निम्म्यांची भाजी होते. केन्याकडे मात्र जरा जवळून पाहण्यासारखे आहे. त्याची निळी फुले वर दिसतात, पण काही फुले जमिनीखालीही लागतात आणि तिथेच बी धरतात. कांड्याचा तुकडा पडला की मूळ धरतो. ग्लायफोसेटला तो सहज बधत नाही. म्हणजे रोटाव्हेटर त्याची लागवड करतो आणि तणनाशक त्याचे शेजारी मारते. लव्हाळ्याच्या गाठींचेही तसेच. बागेत ‘केनाच केना झालाय’ असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा मागच्या काही वर्षांत काय काय केले ते जमीन सांगत असते.

तण जमिनीचे अन्न आहे ही गोष्ट मराठी शेतकऱ्याला नव्याने सांगायची गरज नाही. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी ‘तण देई धन’ ही मांडणी अनेक वर्षे केली. नांगरू नका, तण वाढू द्या, जाग्यावर मारा, मुळे जमिनीतच कुजू द्या. त्यांच्या पद्धतीत तणनाशकाला स्थान आहे. सेंद्रिय कर्बाच्या हिशेबाने ती भक्कम आहे, वनस्पतींच्या विविधतेच्या हिशेबाने तिला युरोपातला पुरावा साथ देत नाही. हे दोन वेगळे हिशेब आहेत. ‘जमीन सुधारली’ म्हणजे ‘विविधता वाढली’ असे गृहीत धरण्याची चूक दोन्हीकडच्या उत्साही मंडळींकडून होते.

किडींच्या बाबतीतही आपली यादी वेगळी: पिठ्या ढेकूण, फुलकिडे, उडद्या, खोडकिडा. पिठ्या ढेकूण जास्वंद, भेंडी अशा असंख्य झाडांवर राहतो, त्यामुळे बांधावर काय लावता याला अर्थ आहे. त्याला खाणारा क्रिप्टोलिमस हा ढालकिडा बागायतदार विकत आणून सोडतात. पण आठवडाभरात कीटकनाशक मारले की तो खर्च वाया. २०१० मध्ये लिहोसिन या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे अडकली, तेव्हापासून निर्यातदार बागायतदार फवारणीची नोंद डोळ्यांत तेल घालून ठेवतो. मण्यात काय उतरले ते प्रयोगशाळा पाहते. बुंध्याखाली काय उगवले ते कोणी पाहत नाही.

बागेबाहेरचा मुद्दा आपल्याकडे नान्नजला सगळ्यात उघडा दिसतो. सोलापूरजवळचे हे गाव द्राक्षवाल्यांना नानासाहेब काळे यांनी निवडलेल्या सोनाका वाणामुळे ठाऊक, आणि पक्षीमित्रांना माळढोकामुळे. १९७९ मध्ये इथल्या परिसरात अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचा पसारा ८,४९६ चौरस किलोमीटर होता. त्यात गावे, शेते, रस्ते सगळे आले, आणि लोक हैराण झाले. नंतर तो सुमारे १,२२२ वर आणला गेला. सरकारी कागदांवर माळ म्हणजे पडीक. मारवेल, पवन्या, कुसळी यांचे ते जुने गवताळ रान कोणाच्या हिशेबात नव्हते. पाणी पोचले तिथे ऊस आला, द्राक्ष आले. आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. सोनाकाच्या मांडवाखाली हरळी राखून मारवेलचा माळ परत येत नाही. त्यासाठी उरलेला माळ उरलेलाच ठेवावा लागतो, केपमध्ये ठेवतात तसा. ज्याची ती जमीन आहे त्याला त्याचे काही मिळायला हवे, हे ओघानेच आले.

आणि गाडी अडते ती इथेच. युरोपात २०२३ पासूनच्या कृषी धोरणात फळबागांत झाडोरा राखणाऱ्याला हेक्टरमागे अनुदान मिळण्याची सोय आहे. स्पेनमध्ये ती प्रत्यक्षात वापरली जाते. आपल्याकडे दिंडोरी-निफाडच्या बागांमधली माती कडवा आणि गोदावरीतून नांदूर मध्यमेश्वरला जाते. तिथला बंधारा गाळाने भरण्याचा प्रश्न जुना आहे. त्याच गाळावर उभे राहिलेले पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झाले, ही गंमत वेगळी. ओळींतल्या गवताने अडवलेल्या मातीचा फायदा जलसंपदा खात्याला. त्याच गवताच्या फुलांवर वाढलेल्या मधमाश्या चांदवड-निफाडमधल्या कांद्याच्या बीजोत्पादनाला उपयोगी, कारण कांद्याचे डेंगळे मधमाशीवाचून नीट भरत नाहीत; त्याचा फायदा शेजाऱ्याला. गवत कापायचे डिझेल आणि मजुरी मात्र ज्याची बाग त्याची. निर्यातीच्या प्रमाणपत्राच्या फाइलमध्ये ‘शेतावरील जैवविविधतेचा आराखडा’ असे एक पान असते. ते बहुधा सल्लागार भरतो, आणि दर वर्षी त्यावर फक्त तारीख बदलते.